भास्करकाकांचा पासपोर्ट

भास्करकाका रोज आमच्याकडे येत, पण उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. चहा दारातच, उभ्याने. बसा म्हटलं की म्हणत, "चप्पल काढली का मानूस अडकते, मास्तर." यवतमाळच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर शेवटचं. आयुष्यभर कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. निवृत्त झाले, मग काकू गेल्या, आणि त्यांचं घरात मन लागेना.

एक दिवस म्हणाले, उझबेकिस्तानले चाललो, एकटाच. तिकडची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, पाहायची होती. मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशापलीकडे कुठे गेलेलो नाही. विचारलं, "काका, तिथली भाषा?"

"आपली हाय ना. ते कायले कमी पडते?"

परत आल्यावर त्यांनी सांगितलं. एका खेड्यात त्यांची बस चुकली. रस्त्यालगत बाया कापूस वेचत होत्या. काकांनी चिमूटभर कापूस सरकीपासून सोडवला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, जुळवून पुन्हा ओढला आणि धागे काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून लांबी पाहिली. ग्रेडरची ही रीतच. एक म्हातारी वेचणी टाकून आली. तिनं शेजारच्या झाडाचा कापूस तसाच ओढला आणि त्याच बाहीवर ठेवला. "मंग आमी भांडलो, मास्तर. ते म्हने माहा धागा लांब, मी म्हनो नाई बाई. ते तिच्या बोलीत, मी माह्या. घंटाभर! मंग तिनं मले जेवू घातलं."

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं, स्टेंट बसवला. पुण्याहून मुलगी आली, सुनीता. तिनं त्यांचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. "सर, बाबांनी कितीही मागितला तरी देऊ नका." मी तो कपाटात ठेवला.

काका रोज दारात. "देता का, मास्तर?"

"सुनीताला विचारा ना, काका."

"मी तिचा बाप हावो, का ते माही माय हाय?" हसत. मग एकदा न हसता म्हणाले, "मेलो तं मेलो. पन बसवून कायले मारता मले?"

मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेलो. त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही.

ते एसटीनं जिल्ह्यातल्याच झरी जामणीकडे जाऊ लागले. जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या गावात दोन-दोन दिवस राहत. "थो बी परमुलूखच हाय," म्हणत. "कोलामीतलं मले काईच येत नाई." चेहरा उजळलेला असे. मी सुनीताला कळवलं नाही. पासपोर्ट तर माझ्याकडेच होता.

तिथंच एका अंगणात, खाटेवर, भर दुपारी ते गेले. त्यांना आणायला मी गाडी घेऊन गेलो. त्या घरच्या आजीला मराठी येत नव्हती. ती कितीतरी वेळ बोलत होती. हातानं घास दाखवला, मग छाती, मग टेकडीपलीकडचं दूर कुठलं तरी. मला एवढंच विचारायचं होतं, की काका माझ्यावर रागावून गेले का. असं कुठल्या खुणेनं विचारायचं, मला माहीत नव्हतं. ती माझ्या बोलण्याची वाट पाहत थांबली. मी हात जोडून उभा राहिलो. काकांनी सरळ वऱ्हाडीत विचारलं असतं.