बारा मुद्द्यांचं इंग्रजी साहित्य

इंग्रजी साहित्याचा इतिहास मला तोंडपाठ होता. हे मी बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. तोंडपाठ म्हणजे अक्षरशः तोंडपाठ. मध्ययुगापासून आधुनिक काळापर्यंतची सगळी युगं, आणि प्रत्येक युगाची पार्श्वभूमी, बारा वैशिष्ट्यं, मर्यादा नि समारोप. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी विवेकयुगाचा सातवा मुद्दा सांगितला असता.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी नऊ वर्षं हा पेपर शिकवला. शिकवला म्हणजे नोट्स दिल्या. मी टेबलाशी उभी राहून सावकाश सांगायचे, मुलं माना खाली घालून लिहून घ्यायची, आणि मुद्दा संपला की कुणीतरी 'मॅडम, रिपीट' म्हणायचं. परीक्षेत त्यातलेच दोन प्रश्न यायचे. निकाल चांगला लागायचा. या नोट्स मला एम.ए.ला माझ्या सरांनी दिल्या होत्या. सरांचा आवाज भारदस्त होता आणि वाक्यं इतकी घोटीव होती की त्यातला स्वल्पविराम बदलायचीही माझी छाती झाली नाही. ती वाक्यं सरांचीच, याबद्दल आम्हा कुणाच्या मनात कधी शंका आली नाही.

त्या नोट्समध्ये प्रत्येक युग हे आधीच्या युगाची सून होतं. सासूचं काही म्हणता काही पटायचं नाही. मध्ययुग देवाधर्मात बुडालेलं, म्हणून प्रबोधनकाळाला माणसाचं कौतुक. प्रबोधनकाळ उधळा, म्हणून विवेकयुगाला शिस्त, शहर आणि टोमणे. विवेकयुग कोरडं, म्हणून रोमँटिक कवी निघाले डोंगरदऱ्यांत. मग व्हिक्टोरियन काळात कारखाने आले, धूर आला, श्रद्धा डळमळली आणि कादंबऱ्या जाड झाल्या. शेवटी महायुद्ध झालं आणि आधुनिकांनी सगळ्याचे तुकडे केले. किती सोपं होतं सगळं! मला ते फार आवडायचं, हे आज कबूल करते. आठशे वर्षं मी एका सत्रात झाडून पुसून लख्ख करायचे.

मग नवऱ्याला डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कंपनीत नोकरी मिळाली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिथल्याच नोव्हाय नावाच्या गावी आलो. पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मी गाडी शिकले, बर्फ उपसायला शिकले, तासभर गाडी हाकून तूरडाळ आणायला शिकले. पार्टीत कुणी विचारलं की 'तिकडे शिकवायचे' असं सांगायचे, आणि समोरचा 'ओह नाइस' म्हणून पापडाकडे वळायचा. मी थकले होते. हा थकवा कामाचा नव्हता, काम तिकडेही होतं. आपण कोण आहोत हे दर शनिवारी नव्यानं सांगावं लागण्याचा होता.

मुलगी पहिलीत गेली तशी मी तिथल्या एका छोट्या कॉलेजात चौकशी केली. विभागातल्या बाई म्हणाल्या की तुमची एम.ए. आम्हाला नीट तोलता येत नाही, पण आमचा ब्रिटिश साहित्याच्या इतिहासाचा कोर्स करा आणि 'बी' मिळवा, मग पहिल्या वर्षाचा एक वर्ग तुम्हाला देता येईल. मी मनात हसले. ज्या पेपरावर नऊ वर्षं पोट भरलं, त्याच पेपराला मला बसवत होत्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "अहो, 'बी' काय, 'ए' मिळवून दाखवते." तो म्हणाला, "गाडीचे टायर बदलायला हवेत मग. विंटरमध्ये रोज ड्राइव्ह करणार तू."

वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. टोप्या घालून बसलेली, पाय समोरच्या खुर्चीवर. प्राध्यापक माझ्याहून लहान, जीन्समध्ये यायचे. ते एक कविता वाचायचे आणि विचारायचे, "तुम्हाला यात काय दिसलं?" पोरं वाटेल ते बोलायची. एकाला रोमँटिक युगातली एक कविता वाचून त्याचा मेलेला कुत्रा आठवला, आणि प्राध्यापकांनी त्यावर दहा मिनिटं घालवली. मी घड्याळ बघत होते. पार्श्वभूमी कधी सांगणार? वैशिष्ट्यं कधी येणार? ती आलीच नाहीत. मला वाटलं, या माणसाला येत नसणार.

सत्राच्या मधली परीक्षा वर्गातच झाली. रोमँटिक युगाबद्दल तुमचं आकलन लिहा, असा प्रश्न. मी पेन उचललं आणि सरांचा आवाज कानात सुरू झाला. पार्श्वभूमी, बारा वैशिष्ट्यं, मर्यादा, समारोप. पट्टीनं अधोरेखित केलं. कितीतरी दिवसांनी मी खुशीत गाडी चालवत घरी आले आणि त्या संध्याकाळी शिरा केला.

पेपर परत मिळाले तेव्हा माझ्या पेपरावर ग्रेड नव्हती. 'मला भेटा' एवढंच होतं.

प्राध्यापकांच्या खोलीत टेबलावर एक जुनं जाडजूड पुस्तक उघडं ठेवलेलं होतं. शेजारी माझा पेपर. ते फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, तुमची भाषा मला ओळखीची वाटली म्हणून ग्रंथालयात शोधलं. चार पानं जशीच्या तशी आहेत. परीक्षेत तुम्ही ही पानं लपवून आणली होती का?

नऊ वर्षं मी स्वतः कॉपी पकडली होती. बाहीतल्या चिठ्ठ्या, पट्टीमागचं लिखाण, सगळं. आणि आता मी टेबलाच्या अलीकडे उभी होते. पण खरं सांगू का, कॉपीच्या आरोपानं मी हादरले नाही. हादरले त्या पुस्तकानं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. त्यात सरांचा पहिला मुद्दा होता, दुसरा होता. तोच समारोप होता. सरांची वाक्यं सरांची नव्हती. कुण्या इंग्रज मास्तरानं त्याच्या देशातल्या मुलांसाठी लिहिलेलं ते शालेय पुस्तक होतं. सरांनी ते आम्हाला आपल्या आवाजात दिलं, आणि मी ते माझ्या आवाजात पुढे दिलं.

मी म्हणाले, "मी कॉपी केलेली नाही. मला हे पाठ आहे."

"चार पानं?"

"सगळं पुस्तक असेल. कुठलंही पान काढा."

त्यांचा विश्वास बसला नाही, हे उघड होतं. त्यांनी पुढचं एक प्रकरण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. व्हिक्टोरियन काळ. मी उभ्याउभ्या म्हणायला लागले. कारखान्यांची वाढ, मध्यमवर्गाचा उदय, श्रद्धेवरचं संकट. ते ओळींवरून बोट फिरवत होते. दोन पानं झाली, तिसरं उलटलं. नववा मुद्दा संपता संपता त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक असेल असं मला वाटलं होतं. आमच्याकडे असतं. ते माझ्याकडे पाहत होते ते एखाद्या आजारी माणसाकडे पाहावं तसं.

मग हळूच विचारलं, "या प्रकरणात जी पुस्तकं सांगितली आहेत, त्यातली तुम्ही किती वाचली आहेत?"

मी म्हणाले, "मी नऊ वर्षं हा पेपर शिकवला आहे."

"ते मला समजलं. किती वाचली आहेत?"

मी मनात मोजलं. नेमलेले उतारे सोडले तर पूर्ण अशा दोन कादंबऱ्या. त्यातली एक संक्षिप्त. मी खोटं बोलू शकले असते, पण त्या दिवशी तेवढीही ताकद नव्हती. "दोन," म्हणाले. त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर लहान अक्षरांत दहा-बारा कवितांची, पुस्तकांची यादी होती आणि हे वाचून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये अशी सूचना होती. आमच्या नोट्स पहिल्या मुद्द्यापासून सुरू व्हायच्या. ती यादी कुणी गाळली, सरांनी की सरांच्या सरांनी, कोण जाणे.

त्यांनी कॉपीची तक्रार केली नाही. पण म्हणाले, यात तुमचं एकही वाक्य नाही, मी ग्रेड देऊ कशावर? 'डी' दिला. सत्राच्या शेवटी एक पान लिहून द्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी मला मध्ययुगातली एक निनावी कविता दिली. आठ ओळींची. अट एवढीच की युगाबद्दल एक शब्द लिहायचा नाही.

कवितेत काही नव्हतं. एक मोलकरीण विहिरीवरून पाणी आणताना बर्फावर घसरते, घडा फुटतो, आणि घरी आल्यावर मालकीण घडा कुठे म्हणून विचारते. संपली. मी ती सकाळी भांडी घासताना म्हटली, मशीनमध्ये कपडे टाकताना म्हटली. पाठ तर पहिल्याच दिवशी झाली. पण लिहायला बसले की हात आपोआप 'मध्ययुगाची पार्श्वभूमी' लिहायचा. मी खोडायचे, हात पुन्हा तेच लिहायचा. मुलगी शेजारी बसून चित्र रंगवत होती. मी तिला कविता मराठीत सांगितली आणि विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती मान वर न करता म्हणाली, "डिड शी क्राय?" मी म्हटलं, तसं त्यात दिलेलं नाही. "देन हाउ डू यू नो शी डिडन्ट?" म्हणाली आणि रंग बदलला. सहा वर्षांच्या पोरीला सुचतं आणि मला नाही, याचा मला राग आला. तिला उगाचच दूध संपव म्हणून ओरडले.

नवरा म्हणाला, "अगं, एवढं टेन्शन घेतेस कशाला? कॅन्सल कर तो कोर्स. आपलं काय अडलंय?" त्याचं काहीच अडलं नव्हतं, हे खरंच होतं.

दहाव्या दिवशी कॉलेजहून येताना माझी गाडी बर्फावरून घसरली आणि रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात रुतली. गुडघा स्टिअरिंगखाली आदळला. लंगडत जाऊन पेट्रोल पंपावरून नवऱ्याला ऑफिसात फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "बंपरला काही लागलंय का?" दुसऱ्या क्षणी त्यानं माझीही चौकशी केली. तो वाईट माणूस नाही. पण मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले आणि मला ती कविता समजली. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा गुडघा मला दुखला. कुठलं मध्ययुग आणि कुठलं काय! दुसऱ्या दिवशी मी एक पान लिहिलं. वाकडंतिकडं होतं, त्यात ना मुद्दे होते ना समारोप. त्याला 'ए' मिळाला. प्राध्यापकांनी खाली लिहिलं, 'इतके दिवस तुम्ही कुठे होतात?' ते वाचून मी कॉलेजच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले.

सरासरी निघाली 'सी प्लस'. 'डी' फार जड होता. विभागातल्या बाईंनी सहानुभूतीनं सांगितलं की नियम म्हणजे नियम. वर्ग मला मिळाला नाही. मी फारशी भांडले नाही. पुढच्या महिन्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात फाइली लावायचं काम धरलं.

तिथे लागून पंधरा दिवस झाले असतील, भारतातून पत्र आलं. माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं. आता ती त्याच कॉलेजात, माझ्याच जागेवर लागली होती. लिहिलं होतं, 'मॅडम, तुमच्याच नोट्स देते आहे. एक शब्दही बदललेला नाही. मुलं म्हणतात, असं इंग्रजी आम्ही कधी ऐकलं नाही. पण आमच्या वर्षी तुम्ही अमेरिकेला निघालात आणि आधुनिक युग राहूनच गेलं. तेवढं पाठवाल का? परीक्षा जवळ आली आहे.'

तिला काय लिहायला हवं, हे मला स्पष्ट दिसत होतं. नोट्स फेकून दे. आठ ओळींची एक कविता घे, वर्गात वाच आणि मुलांना विचार. मी तसं लिहायला बसलेही. 'प्रिय' लिहिलं आणि थांबले. हे सांगायचं म्हणजे माझी नऊ वर्षं काय होती, तेही सांगायला हवं होतं. आणि तिनं विचारलं असतं, मग मॅडम, तुम्ही आता तिकडे कशा शिकवता?

मी नवा कागद घेतला. महायुद्ध, तुटलेली श्रद्धा, शहरातला एकाकीपणा. पट्टीनं अधोरेखित केलं. कवितेवरच्या एका पानाला मला अकरा दिवस लागले होते, हे बारा मुद्दे पाऊण तासात झाले. एकदाही अडखळले नाही. लाज वाटली, आणि लिहिताना बरंही वाटलं, दोन्ही खरं आहे. सबंध जगात तो एकच वर्ग उरला होता, जिथे मी अजून शिकवत होते.