ढोलावरचा नंबर

आधी एक दुरुस्ती. मागच्या वेळी इथे मी लिहिलं होतं की त्या माणसाने बंद फोन जाणूनबुजून आमच्या गळ्यात मारला... ते चुकीचं आहे. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या अप्पांचा सांगलीत बँड आहे. जयंतीची मिरवणूक असो नाहीतर लग्नाची वरात, बुकिंगचा निरोप यायचा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या फोनवर. गेल्या लग्नसराईत असे दोन निरोप उशिरा पोचले आणि सुपारी दुसऱ्या बँडला गेली.

म्हणून यंदा मोबाईल घ्यायचं ठरलं. दहिवडीजवळच्या एका गावातला माणूस विलायतेत हॉटेलात आचारी होता, त्याच्याकडून जुना फोन घेतला. चिप, म्हणजे सिमकार्ड, सांगलीतल्या दुकानातून.

अप्पांना नंबर इतका आवडला की चिप फोनमध्ये घालायच्या आधीच त्यांनी तो मोठ्या ढोलावर रंगवून घेतला. पिवळे, वीतभर आकडे. कराडच्या एका पाहुण्यांनी लगेच उतरवूनही घेतला... दोन मुली, एकाच मांडवात लग्नं. पुढच्या मंगळवारी सकाळी फोन करून पक्कं सांगतो म्हणाले. त्यांचा पत्ता विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

आणि चिप घातली तर फोन चालेना. पडद्यावर नुसतं एक इंग्रजी वाक्य. दुकानदार म्हणाला, तिकडच्या कंपनीने फोनला कुलूप घातलंय, तिची सोडून दुसरी चिप चालायची नाही. त्या रागात मी इथे लिहून टाकलं.

रविवारी एस.टी.ने त्याच्या गावी गेले. वाटभर भांडणाची वाक्यं मनात घोकत होते. मला भांडता येत नाही, आवाज कापतो.

एकही वाक्य लागलं नाही. चिप घालून फोन त्याला दाखवला, तर तो बघतच राहिला. "ताई, आमच्या हितं रेंजच न्हाई. इकडची चिप घालून बघायचा परश्नच कवा आला न्हाई." परत आल्यापासून फोन शोकेसमध्येच होता, विकायला काढेपर्यंत.

न मागता त्याने पैसे परत दिले, मी चिप काढून घेतली. त्याच्या आईने फोन पदराने पुसला आणि जागेवर ठेवला. म्हणाली, "बरं झालं बाई आणलास. सांजच्याला बटण दाबलं की हिरवा उजेड पडायचा. दोन हप्ते शोकेस लय भकास दिसत हुतं."

मला इतकं अपराधी वाटलं, की दोन वाट्या शेंगा खाल्ल्या, नको न म्हणता.

घरी आले तर अप्पा ढोलापाशी रॉकेल आणि चिंधी घेऊन बसलेले. "फोन न्हाई तर नंबर कशाला? लोकं हसत्यात." पहिला आकडा निम्मा गेला होता.

मी चिंधी काढून घेतली. म्हटलं, अप्पा, नंबर फोनमध्ये नसतो, चिपमध्ये असतो. चिप कुठल्याही फोनमध्ये घातली की तिथे हाच नंबर वाजतो. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बारावी झाले तेव्हा निकालाच्या कागदाकडे बघितलं होतं... खरं असेल, पण कळल्याशिवाय कसं मानायचं.

दुसऱ्या दिवशी, मी जिथे हिशेब लिहिते त्या हळदीच्या पेढीवर धीर करून शेठना विचारलं. दहा मिनिटं तुमच्या मोबाईलमध्ये आमची चिप घालू का?

शेठ म्हणाले, "घाल की. फोन आला तरी पैसे कापतात मेले. दहा मिनिटं तुझ्या बापाचे कापू देत."

अप्पा समोरच्या एसटीडी बूथवर उभे होते. खांद्यावर ढोल घेऊन. कागदावर आकडे लिहून देते म्हटलं होतं, तर म्हणाले, "कागुद नगं. लोकं ढोलावरनंच वाचणार हैत. ह्यावरनं लागला तर खरा."

निम्म्या पुसलेल्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक बटण दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला.

"कोन बोलतंय?"

"अप्पा, मीच."

"व्हय," ते म्हणाले. रस्त्यापलीकडे मला दिसत होतं, ते बूथवाल्याला ढोल दाखवत होते. मग फोनमध्येच म्हणाले, "पेंटरला सांगतो, तेवढा एक आकडा भरून घेऊ."

शेठनी आपणहून सांगितलं, मंगळवारी सकाळचा फोन तुझा. बाजारभाव मी दुपारी विचारीन. त्यांचे आभार मला नीट मानता आले नाहीत, म्हणून इथे मानते. आणि दहिवडीच्या त्या भावाची माफीही.

कराडचे पाहुणे हो म्हणतील की नाही, ते माझ्या हातात नाही. पण या वेळी निरोप वाटेत राहणार नाही. मंगळवारी पेढीचं दार उघडेल तेव्हा चिप घेऊन मी दारातच उभी असेन.