सरगूर नावाची ओळ

हे मी कुणालाच बोललो नाही. आईलासुद्धा नाही, आणि आईला तर मी काय जेवलो तेही रोज फोनवर सांगतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. समोर बसलाय असं धरतो.

मी नकला करतो. बन्नूरच्या शाळेत हेडमास्तरांची केली तर मार मिळाला, म्हैसूरच्या लॅबमध्ये सरांची केली तर चहा मिळाला. माझी मराठी घरातली, अर्धी कन्नड — सांभाळून घ्या.

लॅबमध्ये मोठा कॉम्प्युटर एकच, लॉगिनही सगळ्यांना मिळून एकच. त्यावर आलेख काढायचे. खिडकी उघडते, आलेख बघायचा, फुली दाबायची — खिडकी गेली. पण मागचा प्रोग्रॅम जात नाही, हां. दिसत नाही, नुसता बसून मेमरी खातो. मला ठाऊक होतं. आवरायचा कंटाळा, दुसरं काय? त्या दिवशी माझे तसले चाळीस तरी मागे साचले होते. चारला सरांना आलेख दाखवायचा, आणि मशीन जागचं हलेना.

त्याच मशीनवर, त्याच सॉफ्टवेअरमध्ये भाग्याअक्काचं गणित चाललेलं. ती सरगूरची, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची. गावाकडच्या विहिरींचं पाणी पुढं किती खाली जाईल, त्याचं गणित. अकरा दिवस झाले होते. मध्येच थांबलं तर सगळं पहिल्यापासून. आणि महिनाअखेर उत्तर पाठवलं तरच तिला परदेशातल्या कॉलेजात जागा मिळणार होती.

मी एक कमांड दिली. त्या सॉफ्टवेअरचं जे काही चालू असेल ते सगळं बंद. माझे चाळीस गेले. तिचंही गेलं.

पाचला अक्का पोरांचं प्रॅक्टिकल घेऊन आली. स्क्रीनकडे बघतच राहिली.

"करंट गेलता काय रे?"

"गेला असेल, अक्का."

सर तिला सगळ्यांसमोर बोलले. ती मान खाली घालून म्हणाली, "माझाच हात लागला असेल, सर."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्याच वाक्याची नक्कल केली. ती मान, तो गिळलेला 'सर' — सगळं. पोरं हसून लोळली. मागं वळलो तर अक्का, हातात चहा.

"बरं जमलंय की रे. आणखी एकदा कर."

मी केली.

महिनाअखेर आली नि गेली. अक्का सरगूरला गेली, परत आली नाही. शेजारची खुर्ची तशीच आहे, तिच्यावर मी माझी बॅग ठेवतो. सरस्वतीपुरमच्या माझ्या भाड्याच्या खोलीत अजून आवाज काढतो — सरांचा, कंडक्टरचा, एकटाच. तिचा काढत नाही.

चुकून झालं असं वाटलं ना तुम्हाला? मी स्वतःलाही तेच सांगायचो. पण —

कमांड देण्याआधी मी यादी काढली होती. काय काय चालू आहे त्याची. चाळीस ओळी एकसारख्या, मध्ये एक वेगळी. फाईलचं नाव सरगूर. पुढं वेळ, अकरा दिवस. वाचली मी ती ओळ. दोनदा. यादीतल्या एकेकाचा नंबर टाकून फक्त माझे बंद करता आले असते, वीस मिनिटं लागली असती. घड्याळात पावणेचार.

एंटर दाबला.

चारला आलेख दाखवला. सरांनी पाठ थोपटली.