पंख न बांधलेली कबुतरं

आमच्या यांना कबुतरांचा नाद वडिलांकडून लागला. सासरे कागलकडच्या एका इनामदारांच्या मळ्यात कामाला होते. तिथं दगडी कबुतरखाना होता, आतून नुसते कोनाडेच कोनाडे. कबुतरांची विष्ठा गोळा करायची आणि वांग्यांना घालायची. तिथलीच एक जोडी घरी आली, आणि नव्वदच्या सुमारास मी लग्न होऊन आले तेव्हा गच्चीवर जाळीची अख्खी ढाबळ उभी होती. माणसांना एक खोली, कबुतरांना गच्ची. खरवडायचं काम अर्थात माझ्याकडं. मी कंटाळले होते, हे सरळच सांगते. पापड वाळवायला शेजारणीकडं जावं लागायचं.

पुढं काही वर्षांनी यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि म्हणाले, विष्ठेची धूळ आत बसलीय, कबुतरं काढा, नाहीतर माणूस हातचा जाईल.

यांचा कुरुंदवाडचा दोस्त न्यायला आला. नव्या ढाबळीत आणलेल्या कबुतराचे पंख दोऱ्यानं बांधून ठेवतात. तिथं पिल्लं झाली की मगच ते तिथलं होतं. कबुतरं पाळणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तरी यांनी दोस्ताला बजावलं, "पंख बांधू नगंस. जीव घुसमटतोय त्यांचा." स्वतःला धड श्वास घेता येत नव्हता.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्ची घासून धुतली, पाणी अजून वाळलंही नव्हतं, तोवर सगळी परत. हे खोकत खोकत वर आले. खाली जाऊन ज्वारी घेऊन पुन्हा वर आले. भांडायची माझी ताकद संपली होती.

"ऱ्हाऊ द्या की," मी म्हणाले. "मी पांढऱ्या कपाळानं दाणं टाकत बसते."

हे खाली गेले आणि दोस्ताला फोन केला. "ये. दोरा घिऊन ये."

दुपारी दोस्त आला. मी तोंडाला पदर बांधून एकेक कबुतर धरायची, तो पंख बांधायचा. माझ्या हाताला ती सरावलेली, फडफडलीसुद्धा नाहीत. मला रडू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं.

"वैनी, त्यास्नी बोलवा की. एकदा बघूदे," दोस्त म्हणाला.

मी जिन्यातून हाक मारली.

"जिना चढवत न्हाय मला," खालून आवाज आला.

सकाळी दोनदा चढले होते.