नदीपलीकडचं दूध

१९४० सालच्या श्रावणात तापीला पूर आला होता. त्या पुरात सलग आठ दिवस आमचा अडीच महिन्यांचा मुलगा दिवसातून चार वेळा दूध प्यायला. घरात त्याला कुणी पाजत नव्हतं. जिचं दूध त्याला पचायचं ती बाई नदीच्या पलीकडे होती आणि नावा बंद होत्या.

या सदरातले बरेच अनुभव मी वाचले आहेत आणि बहुतेकांवर माझा विश्वास बसलेला नाही. भुतंखेतं, भानामती, बाहेरचं लागणं... तरुणपणी यातलं काहीही मी मानत नव्हतो. पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ छापायची नाही ही सवय तिथली. खालचा मजकूर त्याच सवयीने लिहितो आहे. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून.

गाव ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. तेव्हा जिल्हा पश्चिम खानदेश, आता नंदुरबार. माझं वय पंचवीस. मी धुळ्याच्या एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. घरात माय, थोरले भाऊ, त्यांची बायको सखूवहिनी, मी आणि माझी बायको इंदू. शेती होती, गोठ्यात तीन म्हशी होत्या.

त्या वर्षी ज्येष्ठात दोघी जावा पाच दिवसांच्या अंतराने बाळंत झाल्या. सखूवहिनींना मुलगी झाली, ती आठव्या दिवशी गेली. आम्हाला मुलगा झाला.

मूल गेलेल्या बाळंतिणीला आमच्याकडे दूधतूप देत नाहीत. दूध वाढेल, छाती ठणकेल, असं म्हणतात. मायने वहिनींच्या छातीला लुगड्याचा पट्टा घट्ट बांधला आणि त्यांना कोरडी भाकर आणि मिरचीचा ठेचा सुरू केला. इंदूच्या वाट्याला डिंकाचे लाडू, शिऱ्यात बोट बुडेल इतकं तूप आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर म्हशीचं दूध.

तिसऱ्या आठवड्यापासून मुलगा ओकायला लागला. प्यायला की पाठीची कमान करायचा, किंचाळायचा आणि मग नाकातोंडातून सगळं बाहेर. आडवा ठेवला तर जास्त. इंदू त्याला दिवसभर खांद्यावर उभा धरून फिरायची. तिच्या पदराला कायम आंबूस वास असायचा. मुलाचे गाल लाल, खरखरीत झाले. शीमध्ये रक्ताचा धागा दिसला.

मायचं निदान ठरलेलं होतं. आईचं दूध पातळ आहे.

“प्याय व, प्याय,” ती इंदूपुढे तांब्या ठेवायची. “तू पिशी तव्हय पोरले भेटी.”

मुलगा जितका जास्त ओके तितकं इंदूला जास्त दूध मिळे. या उपायाला घरात कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

मी त्याला शहाद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काट्यावर तोललं, पोट दाबून पाहिलं आणि मला म्हणाले, “बातमीदार ना तुम्ही? मग एक काम करा. कधी प्यायला, कधी ओकला, कधी झोपला, सगळं वेळेसकट लिहा. आणि बाईंना चांगलं खाऊपिऊ घाला.” मी खिशातलं घड्याळ पोस्टातल्या घड्याळाशी जुळवलं आणि त्या दिवसापासून नोंदी सुरू केल्या.

आषाढाच्या शेवटी एका सकाळी इंदू न्हाणीत असताना मुलगा रडरड रडला. सखूवहिनींनी त्याला उचललं. पट्टा बांधूनही त्यांचं दूध आटलं नव्हतं. त्यांनी कुणाला न विचारता त्याला पाजलं. इंदू केस पुसत बाहेर आली तेव्हा मुलगा त्यांच्या मांडीवर झोपला होता. आडवा. ओकला नव्हता.

त्यानंतर बारा दिवस वहिनीच त्याला पाजत होत्या. सकाळी सात, अकरा, दुपारी चार, संध्याकाळी आठ; अशाच वेळा पडल्या. नोंदीत ओकल्याचे उल्लेख जवळजवळ संपले. गाल निवळले. माय खूश, भाऊ खूश. वहिनी हलक्या आवाजात त्याच्याशी बोलायच्या.

इंदू मात्र त्या वेळी खोलीतून उठायची नाही. समोर भिंतीला टेकून बसायची आणि तो किती घोट घेतो ते बघायची. तिची स्वतःची छाती भरलेली असायची. ते दूध ती वाटीत पिळून तुळशीच्या मुळाशी ओतायची, आणि ते ओतताना घरात दुसऱ्या कुणी पाहिलेलं तिला चालायचं नाही. विहिरीवर कुणीतरी तिला ऐकवलं, “जिन्हं दूध, तिन्हं पोर.” ते तिने मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शब्द तेच होते.

तेराव्या दिवशी ती मायला म्हणाली, “जेठानीले माहेर धाडा.”

“काबर व? पोर आते ओकस नही ना?”

“नही.”

“मंग तुले काय बोचस?”

“तेच बोचस,” इंदू म्हणाली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. श्रावणातल्या सणाचं निमित्त करून वहिनींच्या माहेरी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सखूवहिनींचा भाऊ राघो त्यांना न्यायला आला. तो नदीपलीकडे, नंदुरबारच्या बाजूला, एका लहान स्टेशनवर सांधेवाला होता. स्टेशनचं नाव देत नाही. ती माणसं अजून तिथे आहेत. वहिनी जाण्याआधी मुलाला शहाद्याला तोललं होतं: आठ पौंड दोन औंस.

वहिनी बैलगाडीत बसताना म्हणाल्या, “इंदू, त्याले पाजं का उभा धरजो. खांदावर.”

“माले शिकाडू नको. मी माय शे त्यानी.”

वहिनींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. गाडी गेली. त्याच रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला आणि सकाळी तापी दोन्ही काठांना लागली. नावा बंद झाल्या.

पहिल्या दिवशी इंदूने पाजलं. पाच वेळा प्यायला, पाच वेळा ओकला. मायने म्हशीच्या दुधात पाणी घालून चमच्याने दिलं, तर अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. संध्याकाळपासून त्याने तोंडच मिटून घेतलं. इंदूने छातीशी धरला की मान फिरवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पाळण्यात एकटा होता. मी दाराशी लिहीत बसलो होतो. चुटचुट आवाज आला. तो तोंडाने ओढत होता, गळा गिळताना हलत होता. झोपेत मुलं अशी चोखतात हे मला माहीत होतं. पण हे अकरा मिनिटं चाललं; मग त्याने ढेकर दिली, आणि ओठाच्या कडेला दुधाचा थेंब आला.

इंदूने तो बोटावर घेतला, जिभेला लावला आणि पदराला पुसला.

“हाई मन्हं नही.”

“कशावरून?”

“मन्हं खारं शे. हाई गोड शे.”

अकरा वाजता पुन्हा तेच झालं. चारला. आठला. दिवसभरात सहा लंगोट ओले झाले. उपाशी मुलाचे होत नाहीत.

मी शक्य त्या शंका तपासल्या. गल्लीत तेव्हा अंगावर पाजणारी दुसरी बाई नव्हती. माय चोरून शेळीचं दूध देत असेल म्हणून मी दोन दिवस तिच्यावर नजर ठेवली. ती रागावली आणि तिने माझ्याशी बोलणं सोडलं. मग मी इंदूवर नजर ठेवली. तिने ते ओळखलं.

“माले इचार ना सरळ. मी पाजती तं त्यानी ओकी टाकं असतं.”

मी तिच्यावरची नजर काढून घेतली.

त्या दिवसांत ती पाळण्याजवळून हलली नाही. वेळ जवळ आली की ती मुलाला उचलून छातीशी घ्यायची, पदरात गुंडाळायची, भिंतीकडे तोंड करून बसायची... तो तिच्या कुशीत असतानाच, तिच्याकडे मान फिरवून, दुसरीचं पीत असायचा. मायने दृष्ट काढली. मारुतीच्या देवळातून अंगारा आणला. वेळा बदलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो. माय शेजारी गेली होती. इंदूने दाराला कडी घातली होती. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगा ओढायला लागला. इंदू त्याच्याकडे बघत होती. मग तिने उजव्या हाताचा तळवा त्याच्या तोंडावर ठेवला आणि दाबला.

“इंदू, हात काढ.”

तिने काढला नाही. मी उठून पाळण्यापाशी जाईपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. तेवढ्या वेळात तळव्याखाली त्याचा गळा गिळत राहिल्याचं मी पाहिलं. मग तिने आपण होऊन हात उचलला. तळव्यात दूध होतं. बांगड्यांपर्यंत ओघळ आला होता.

ती म्हणाली, “तिनी पोर गई. मन्हं पोर शे. तरी मन्हा हात रिकामा.”

माझ्या नोंदीत त्या वेळेपुढे ‘प्यायला’ इतकंच आहे. तळव्याचं मी लिहिलं नाही.

पूर ओसरल्यावर पहिल्या नावेने मी पलीकडे गेलो. राघो ड्यूटीवर होता. घरी काय घडलं ते मी त्याला सांगितलं नाही. वहिनी कशा आहेत इतकंच विचारलं.

तो आपण होऊन बोलला. बहीण दिवसातून चार वेळा दाराआड जाऊन बसते. पिळत नाही, तरी छाती रिकामी होते. चोळी कोरडी ती कोरडीच. हे त्याच्या बायकोने पाहिलं होतं. मी वेळा विचारल्या. त्याने गाड्यांच्या हिशेबाने सांगितल्या, आणि त्या माझ्या नोंदीशी पाच-सहा मिनिटांच्या आत जुळल्या. मग म्हणाला, “परवा मालगाडी उभी व्हती, तव्हय ती छाती धरीसन आंगणमा बसनी. मी सांध्यावर व्हतू, माले दिसनी. गाडी सुटनी तं ती उठनी.”

स्टेशनमास्तरांना विनंती करून मी त्या दिवसाची वही पाहिली. मालगाडी सुटल्याची वेळ: चार वाजून बारा मिनिटं.

वहिनी घरात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या.

“भाऊ, पोरगा बरा शे ना?”

“बरा आहे.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग विचारलं, “त्या दिन तेन्हं तोंड कोन्ही दाबं व्हतं?”

मी वहाणा घातल्या आणि नावेकडे निघालो.

घरी येऊन इंदूला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं: सखूवहिनी कुणावर रागावल्या होत्या का? मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन स्वतः निघाली. मी बरोबर होतो. वाटेत शहाद्याला मुलाला तोललं: आठ पौंड दहा औंस. डॉक्टर इंदूला म्हणाले, “शाब्बास बाई.” ती खाली बघत राहिली.

राघोच्या घरी तिने मुलाला सखूवहिनींच्या मांडीवर ठेवलं आणि या वेळी भिंतीला न टेकता त्यांच्या शेजारी बसली. मुलगा प्यायला लागला.

“दुखनं का?” इंदूने विचारलं.

“दुखनं. पण तू काढी लिन्हा ना हात.”

तो तिचा हात होता हे सखूवहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही.

वहिनी आमच्याबरोबर परत आल्या आणि त्यांनी त्याला पुढे वर्षभर पाजलं. पाळण्यातला प्रकार त्या दिवसापासून थांबला.

यातल्या अर्ध्या भागाचा उलगडा मला म्हातारपणी झाला. नातीचं बाळ असंच ओकायचं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाईम्हशीच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे, आई जे दूध पिते त्याचा अंश अंगावरच्या दुधात उतरतो. नातीने दूध-तूप सोडलं आणि दोन-तीन आठवड्यांत बाळ सुधारलं. म्हणजे सखूवहिनींचं दूध त्याला पचलं ते त्यांना कोरडी भाकर मिळत होती म्हणून. मायने पुढे केलेला तांब्या इंदूने बाजूला सारला असता तर कदाचित तिचंही पचलं असतं. हे कळलं तेव्हा दोघी जावा हयात नव्हत्या. उरलेल्या आठ दिवसांबद्दल त्या डॉक्टरांनाही मी विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

मुलाचं उष्टावण मार्गशीर्षात झालं. पहिला घास मामाने भरवायचा असतो. इंदूचे सख्खे भाऊ दोन दिवस आधीच येऊन राहिले होते. इंदूने नदीपलीकडे निरोप धाडून राघोला बोलावून घेतलं, मुलाला सखूवहिनींच्या मांडीवर बसवलं आणि वाटी राघोच्या हातात दिली. वाटीत खीर नव्हती. मऊ भात आणि वरणाचं पाणी होतं. मुलाने चार घास खाल्ले.

ओकला नाही.