पाठमोरा नारिना

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नाही. स्वतःवरही फारसा नाही — का ते सांगते.

लग्नानंतर आम्ही नैरोबीला होतो. ह्यांना पक्ष्यांचं वेड. तिथल्या जंगलात नारिना ट्रोगॉन नावाचा पक्षी — पाठ हिरवीगार, पोट लालभडक, पण दिसेल तर शपथ! तीन रविवार पहाटेपासून उभं राहून पायांचे तुकडे पडले. मी तेवीस वर्षांची, जंगलात उंच टाचांच्या चपला घालून आलेली — एवढी अक्कल! चौथ्या रविवारी पोटात कावळे ओरडू लागले, तशी मीच ओरडले, "अहो, दिसला! लालभडक पोट! ...अरेरे, उडाला!"

डबा उघडला. ह्यांनी वहीत लिहिलं, 'सौ.ला दिसला.' ह्यांना स्वतःला कधीच दिसला नाही. पुढे चाळीस वर्षं मी पाहुण्यांना ते पोट रंगवून सांगत आले.

२०१४. सिंगापूरमधलं सेंगकांग, मुलाचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळचे नऊ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालत होते. समोरच्या झाडात, दहा हातांवर, हिरवी पाठ... ढिम्म हलेना. मग नुसती मान सावकाश मागे वळली. पिवळी चोच. सरळ माझ्याकडे बघत!

ह्यांचा लेंगा हातातून सुटून चार मजले खाली गेला.

"सानू, धाव!" नात आली तोवर फांदी रिकामी. "पॅराकीट असेल लाह, आजी." म्हणजे पोपट; 'लाह' हे तिथल्या बोलण्याचं शेपूट.

आता ह्यांना सांगायचं कसं? आफ्रिकेचा पक्षी सेंगकांगला! हे हसले, तर माझी चाळीस वर्षांची बढाईही त्यातच वाहून जाणार. पण राहवेना. सांगितलं.

"पोट कसं होतं?"

"दिसलंच नाही. पाठ करून बसला होता मेला. नुसती मान फिरवली."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नारिना तसाच बसतो. पाठ आपल्याकडे, म्हणून पानांत मिसळतो. तेव्हा तू एकदम पोट सांगितलंस ना, तिथेच कळलं होतं मला."

"मग वहीत का लिहिलंत?"

"मलाही भूक लागली होती."

मी तोंडाला पदर लावला. ह्यांनी बॅगेतून ती कायम सोबत असणारी वही काढून जुन्या नोंदीखाली लिहिलं, 'सौ.ला दिसला. खरंच.'

तिथल्या पक्ष्यांच्या बागेत फोन केला, तर त्यांच्याकडचा एकही पक्षी निसटलेला नव्हता. मग तो आला कुठून? आजही माहीत नाही. मात्र तिथे होतो तोवर रोज नऊला कपडे वाळत घालायला हे स्वतःहून उभे राहत — शेजारी पोह्यांचा डबा ठेवून.