दुधाच्या डब्यातली तंबाखू

वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले ते तंबाखूपायी. आमचं शेत निपाणीकडचं. त्या वर्षी वाळलेलं पान पोत्यात भरायचं काम मी हट्टानं अंगावर घेतलं आणि घाई केली. देठ अजून ओला होता, मी बघितलाच नाही. महिन्याभरात सगळी पोती बुरसली. वडील शिव्या देतील म्हणून मी तयारीत होतो, पण ते एवढंच म्हणाले, "पुन्हा पानाला हात लावायचा न्हाई." मग मी एसी दुरुस्ती शिकलो आणि कतारला निघून आलो.

तेव्हा ऐंशी साल जवळ आलं होतं. घरून पत्राऐवजी कॅसेट यायच्या. म्हैस व्याली इथपासून सगळं आई टेपमध्ये सांगायची. मागे वडिलांचा खोकला ऐकू यायचा, शब्द मात्र एक नाही. सुट्टीवर गेलो तेव्हाही तेच. फार लागायचं मनाला.

त्या सुट्टीवरून येताना तंबाखूचं चिमूटभर बी रुमालात बांधून आणलं. आम्हा कामगारांचा कॅम्प मुऐदर गावाच्या पुढे, वाळवंटात होता. थंडी पडायला लागली तशी तेलाचे रिकामे डबे वाळू आणि बकऱ्यांच्या लेंड्यांनी भरले, रोपं लावली, भांडी विसळलेलं पाणी घातलं. खोलीतला मालवणचा वेल्डर मला जमीनदार म्हणायला लागला. म्हण म्हटलं लेका!

फेब्रुवारीत पानं सुपाएवढी झाली. खालची पानं तोडली आणि गावाकडच्या सवयीनं उन्हात, पत्र्यावर वाळत टाकली. दोन दिवसांत त्यांचे हिरवे पापड झाले. चघळून बघितली तर निव्वळ गवत. गुरांना घाला जमीनदार, असं वेल्डर म्हणाला आणि माझं डोकं फिरलं, पण त्याच्यावर नाही, स्वतःवर. गावी पान जमिनीवर पसरलेलं असतं, रोज पहाटे दव पितं, सावकाश पिवळं पडतं. इथं तापल्या पत्र्यावर कसलं दव आणि कसलं काय!

उरलेली पानं मी सुतळीत ओवून कॅम्पच्या न्हाणीघरात टांगली. तिथं कायम ओल. अंघोळीला येणारा प्रत्येकजण डोक्याला पान लागलं की मला शिव्या घालायचा. मी खुशाल खाल्ल्या. पानं पिवळी झाली, मग तपकिरी. रोज सकाळी एक देठ वाकवून बघायचो. लवला की अजून थांबायचं. शेवटी एके दिवशी देठ कडकन मोडला आणि पान मात्र रुमालासारखं दुमडलं. खलास, जमलं!

देठ, शिरा काढून पानं दुधाच्या पावडरच्या दोन डब्यांत दाबली. रोज झाकण उघडून वारा द्यायचा, खालवर करायची, पुन्हा बंद. पंधरा दिवसांनी गवताचा वास जाऊन गुळाचा यायला लागला. वेल्डरनं चुना लावून बार भरला आणि परत हात पुढे केला. त्या दिवसापासून त्याचं जमीनदार म्हणणं बंद.

तोच पुढे सुट्टीवर निघाला. मालवणला जाताना निपाणीवरूनच आंबोलीचा घाट उतरायचा होता, म्हणून एक डबा त्याच्याकडे वडिलांसाठी दिला. तो परतेपर्यंत माझा जीव टांगणीला.

येताना त्यानं कॅसेट आणली. आधी आई बोलली. मग डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. तळहातावर अंगठा फिरला, टाळी वाजली. मग काहीच नाही. टेप अडकली असं वाटून वेल्डर उठलासुद्धा, मी त्याचा हात धरला.

"देठ मोडून बघितलास," वडील म्हणाले. "कळतंय. औंदा हंगामाला ये. पोती तूच भर."

मी टेप मागं फिरवली, आवाज होता तेवढा मोठा केला आणि अख्ख्या कॅम्पला ऐकवली.